भक्ती बर्वे : एक गळा, किती मराठी!

या स्मरणिकेत माझा लेख आहे म्हटल्यावर नेहमीचे वाचक समजून जातात की विषय पुलाचा असणार. कधी नर्मदेवरचा, कधी महानदीवरचा, कधी भोर घाटातला. ब्रिज खात्यातला माणूस दुसरं काय लिहिणार? यंदाही विषय 'पुलं'चाच आहे, पण गर्डर आणि बेअरिंगचा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या नाटकाचा आहे, आणि त्याहीपेक्षा त्या नाटकातली फुलराणी जिने उभी केली त्या भक्ती बर्वे यांचा आहे.

नाट्यशास्त्र मला कळत नाही. मी पदविकाधारक अभियंता. पण एखादं काम उभं कसं राहतं, त्याचा भार नेमका कुठे येतो, हे बघायची सवय नोकरीने लावली आहे. त्याच सवयीने मी या अभिनेत्रीकडे पाहत आलो. बातम्यांतली प्रमाण मराठी, झोपडपट्टीतल्या फुलवालीची मराठी आणि आमच्या खानदेशातल्या बहिणाबाईंची मराठी, हे तिन्ही भार एकाच गळ्याने पेलले कसे, हा माझा प्रश्न आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांची मराठी टिकवायची धडपड करणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नात थोडा स्वार्थही आहे. तो पुढे येईलच.

सांगली ते मुंबई

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर'चा प्रयोग तिथेच केला आणि मराठी नाटकाचा इतिहास आपण तिथून मोजतो. पण भक्तीताईंची जडणघडण झाली ती मुंबईत, सुधा करमरकर यांच्या 'लिट्ल थिएटर'च्या बालनाट्यांत.

आज शाळाशाळांत नाट्यशिबिरं भरतात, त्यामुळे या संस्थेचं मोल चटकन लक्षात येत नाही. १९५९ साली सुधाताईंनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, तेव्हा मुलांसाठी रीतसर, नेपथ्य-प्रकाशासह, तिकीट लावून नाटक करायचं ही कल्पनाच नवी होती. तोवर मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेलं भाषण थोडं हातवारे करून म्हणायचं, एवढंच. बालनाट्याचा प्रेक्षक फार कडक असतो. मोठी माणसं कंटाळली तरी शिष्टाचार म्हणून बसून राहतात. मूल कंटाळलं की बाजूच्याशी बोलायला लागतं. शेवटच्या रांगेतल्या सहा वर्षांच्या पोरापर्यंत शब्द पोचला नाही तर संपलं! अशा प्रेक्षकांसमोर घासलेला आवाज पुढे कुठेही कमी पडत नाही.

नंतर आकाशवाणीवर निवेदिका म्हणून काम. इथे परीक्षा उलट. रंगमंचावर चेहरा, हात, चालणं, सगळं मदतीला येतं. मायक्रोफोनसमोर यातलं काहीही नसतं. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे सोडायचं, जोडाक्षर किती दाबायचं, एवढंच भांडवल. रंगमंचाने आवाज लांब फेकायला शिकवला, तर आकाशवाणीने तो आवरायला शिकवला, असं म्हणायला हरकत नाही.

बातम्यांची मराठी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याआधी तेरा वर्षं, म्हणजे १५ सप्टेंबर १९५९ पासून, देशात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. मुंबई हे दुसरं केंद्र. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच, आणि तीही काही तासच चालायची. चाळीत एकाकडे टीव्ही असला तर सगळा मजला त्याच्या खोलीत. त्यामुळे पडद्यावर जो चेहरा दिसेल तो थोड्याच दिवसांत घरचाच होऊन जायचा. त्या काळात मराठी बातम्या देणाऱ्यांमध्ये अनंत भावे होते, प्रदीप भिडे होते, पुढे सिनेमात गेलेली स्मिता पाटील होती, आणि भक्ती बर्वे होत्या.

आता बातम्या म्हणजे आरडाओरडा झाला आहे, त्यामुळे नव्या पिढीला हे काम सांगून समजणार नाही. तेव्हा बातमी थेट वाचली जाई. अडखळलात तर सगळी मुंबई पाहणार, खोडून पुन्हा वाचायची सोय नाही. निधनाची बातमी, पिकांची बातमी, संसदेतली बातमी, प्रत्येकीला वेगळा स्वर हवा, पण स्वतःचं मत कुठे दिसता कामा नये. यातून मराठी घरांना दररोज प्रमाण मराठीचा एक पाठ फुकट मिळत होता. 'टीव्हीवर म्हणतात तसं म्हण' असं मुलांना सांगण्याचे ते दिवस.

हे केंद्र मुंबईचं होतं, आपल्या बाजूला ते दिसत नव्हतं. इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहामार्फत खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले होते आणि त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातला हा आपला छत्तीसगडचा भागही होता. तो कार्यक्रम हिंदीतला, शेती-आरोग्याचा. म्हणजे ज्या काळात मुंबईकर भक्ती बर्वे यांना पडद्यावर पाहत होते, त्या काळात बिलासपूरच्या मराठी माणसाला त्यांचं नाव फार तर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडूनच कळत असणार.

फुलराणी

१९७५ च्या जानेवारीत 'ती फुलराणी' रंगमंचावर आलं. संस्था 'इंडियन नॅशनल थिएटर', दिग्दर्शन स्वतः पु. लं.चं. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी आणि फुलं विकणाऱ्या मंजुळा साळुंकेच्या भूमिकेत भक्ती बर्वे.

आपल्या बंगाली आणि तेलुगू सहकाऱ्यांसाठी कथा थोडक्यात सांगतो, 'माय फेअर लेडी' सिनेमा पाहिला असेल तर ती ओळखीची वाटेल. रस्त्यावर फुलं विकणारी एक तोंडाळ मुलगी. तिची बोली ऐकून एक भाषातज्ज्ञ पैज मारतो की काही महिन्यांत हिला असं बोलायला शिकवीन की बड्या घरची म्हणून खपेल. पैज तो जिंकतो. पण पैज जिंकल्यावर त्या मुलीचं पुढे काय, याचा विचार त्याने केलेलाच नसतो.

मूळ नाटक बर्नार्ड शॉचं, 'पिग्मॅलियन'. गंमत अशी की इंग्रजी उच्चारांवरचं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते जर्मन भाषेत, व्हिएन्नात, १९१३ साली. लंडनला ते १९१४ मध्ये पोचलं, आणि तिथे नायिकेच्या तोंडच्या एका शिवीवरून गदारोळ उडाला. आपल्याकडे मराठीच्याही आधी ते गुजरातीत झालं. मधु राय यांचं 'संतु रंगीली', दिग्दर्शक प्रवीण जोशी आणि संतूच्या भूमिकेत सरिता जोशी. त्या सरिताबाई माहेरच्या मराठी, पुण्याच्या भोसले! म्हणजे ज्या भाषेत हे नाटक गेलं, त्या भाषेला स्वतःची फुलवाली सापडली. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवायची खोड इंग्रजांचीच नाही, ती आपल्या सगळ्यांची आहे.

पु. लं.नी नाटकाला दिलेलं नाव बालकवींच्या 'फुलराणी' या कवितेची आठवण करून देणारं. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले, वय जेमतेम सत्तावीस. भादली हे जळगाव आणि भुसावळ यांच्या मधलं स्टेशन. गाडी तिथून जाते तेव्हा रेल्वेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आता अभियंत्याच्या नजरेने मंजुळेच्या भूमिकेकडे पाहू. वरवर वाटतं की अवघड भाग शेवटचा असेल, जिथे ती शुद्ध बोलते. बातम्या वाचणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? खरा भार आहे तो पहिल्या भागावर. जे स्वतःला पुरेपूर येतं, ते येतच नाही असं दाखवायचं, आणि तेही नक्कल न वाटता. पांढरपेशा नट गावठी बोलायला लागला की बरेचदा तो त्या माणसाला हसतो आहे असं जाणवतं. भक्ती बर्वे यांची मंजुळा तशी नव्हती. ती तिच्या बोलीत सुखाने राहत होती. तिला ती बोली खटकत नव्हती, खटकत होती ती प्राध्यापकाला.

त्याहून अवघड मधला भाग. उच्चार सुधारले आहेत, पण माणूस तोच आहे. शॉच्या नाटकात हा प्रसंग एका बड्या घरच्या दिवाणखान्यात घडतो. मुलगी एकेक शब्द तोलून, घासूनपुसून बोलते, आणि त्या चकचकीत उच्चारांत आपल्या मावशीच्या मरणाची भलतीच हकिगत सांगते. भांडं नवीन आणि आतलं कालवण जुनंच. हसू येतं ते या विसंगतीचं. इथे नटीला एकाच वेळी दोन माणसं सांभाळावी लागतात, एक जिभेवरचं आणि एक पोटातलं. आणि शेवटाला, सगळं शिकून झाल्यावर, बापाला अचानक समोर पाहताच तिच्या तोंडून पुन्हा तो जुना, पहिल्या दिवशीचा आवाज निघतो. शिकलेली भाषा आणि रक्तातली भाषा यांच्यातला सांधा शॉने तिथे उघडा करून दाखवला आहे. आमच्याकडे लोखंडाच्या जुन्या भागाला नवा भाग जोडला की तडा नेहमी त्या सांध्याशीच शोधतात.

आणि लोकांच्या मनात काय राहिलं? मंजुळेचं शुद्ध बोलणं नाही राहिलं. राहिलं ते तिचं स्वगत, ज्यात उच्चारांच्या तालमीने पिचलेली मंजुळा मनातल्या मनात प्राध्यापकाचा सूड घेते. ते सगळं तिच्या स्वतःच्या बोलीत आहे. राग, खोडकरपणा, अपमान, आणि मधेच एका गरीब पोरीची राजमहालाची स्वप्नं, सगळं काही मिनिटांत. त्याचं चित्रण आज यूट्यूबवर मिळतं, आणि एकपात्री स्पर्धांत आजही मुली तेच स्वगत निवडतात. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी ही भूमिका केली, आपापल्या परीने केली. पण तुलना व्हायची ती पहिलीशी. पु. लं.नी भाषेच्या शिक्षणावर नाटक लिहिलं आणि टाळ्या मिळाल्या त्या न शिकलेल्या भाषेला! यात पु. लं.ची लेखणी तर आहेच, पण ती बोली तिच्या पूर्ण इभ्रतीसह उभी करणारा गळाही आहे.

बहिणाबाई

मी भुसावळचा, घरी बोली लेवा गणबोली. शाळेत 'डोळा' आणि घरी 'डोया', शाळेत 'केळी' आणि घरी 'केयी'. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पुस्तकातल्या मराठीशी ती जुळत नाही, म्हणून तिला कुणी अशुद्ध म्हणतं. पण याच बोलीत असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी जातं दळताना, शेतात काम करताना ओव्या रचल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी त्या ओव्या टिपून ठेवल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, त्यानंतर ते टिपण सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखवलं, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. निरक्षर बाईची बोली मराठी साहित्याच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली.

दूरदर्शनने बहिणाबाईंच्या जीवनावर केलेल्या चित्रपटात बहिणाबाई झाल्या होत्या भक्ती बर्वे. मी लहान असताना तो आमच्या घरी पाहिल्याचं आठवतं. माझी आई ठामपणे म्हणाली, ही बाई आपल्याच बाजूची, यावलची नाही तर रावेरची असणार. वडिलांनी सांगितलं, अगं, ती सांगलीची, मुंबईला बातम्या द्यायची. आईचा विश्वास बसेना. तिचं म्हणणं, डोक्यावरचा पदर आणि बोलण्याची चाल दुसरीकडच्या बाईला जमणारच नाही. नंतर कित्येक वर्षं आमच्या घरी टीव्हीवर भक्ती बर्वे दिसल्या की आई 'आपली बाई' म्हणायची. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० साली मिळाला. आईने दिलेला हा पुरस्कारही मी त्याच्याच बरोबरीने मोजतो.

सांगलीच्या मुलीला खानदेशची बोली जन्मतः येणं शक्य नाही. ती कान लावून शिकावी लागते, आणि कान लागतो तो आदर असेल तरच. ज्या बोलीला आपण मनातून कमी समजतो ती जिभेवर कधीच नीट बसत नाही, तिची नक्कल तेवढी होते.

हिंदीतली शोभा आणि पुढच्या भूमिका

महाराष्ट्राबाहेर मात्र त्यांचा चेहरा ओळखीचा आहे तो १९८३ च्या 'जाने भी दो यारों'मुळे. दिग्दर्शक कुंदन शाह, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भाबडे फोटोग्राफर, आणि 'खबरदार' नियतकालिकाची संपादिका शोभा सेन म्हणजे भक्ती बर्वे. भ्रष्टाचार उघडा पाडायचा म्हणून ती या दोघांना कामाला लावते आणि पुरावा हाती येताच बिल्डरशीच सौदा करायला बसते. हा चित्रपट आपल्या कॉलनीत तोंडपाठ असलेले पुष्कळ आहेत, पण शोभा सेन मराठी आहे हे सांगितलं की आश्चर्य करतात. कारण त्या हिंदीत मराठीचा वासही नाही. शोभाचा आवाज मऊ आहे, आर्जवी आहे, आणि म्हणूनच ती अधिक धोकादायक वाटते. बातम्यांतला विश्वास देणारा सूर इथे फसवण्याच्या कामी लावला आहे.

नंतरच्या मराठी नाटकांपैकी दोनच सांगतो. अशोक पाटोळे यांचं 'आई रिटायर होतेय'. नोकरी करणारा माणूस अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो, मग घरची आई कधी निवृत्त होणार, असा साधा प्रश्न, आणि ती खरोखरच निवृत्ती जाहीर करते. आपल्या रेल्वे कॉलनीत दर महिन्याच्या शेवटी निरोप समारंभ होतात, हार-शाल होते. तिथे व्यासपीठावर नवऱ्याच्या बाजूला अवघडून बसलेल्या बाईकडे पाहिलं की मला हे नाटक आठवतं. आणि दुसरं १९९० च्या दशकातलं 'गांधी विरुद्ध गांधी'. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी यांनी लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णी यांनी बसवलेलं. महात्माजी अतुल कुलकर्णी आणि कस्तुरबा भक्ती बर्वे. राष्ट्राचा बाप आणि त्याचा बिथरलेला मोठा मुलगा हरिलाल यांच्या ओढाताणीत मधे उभी असलेली आई. मंजुळेसारखी ती बोलून मोकळी होत नाही. बोलक्या भूमिकांनी नाव मिळवलेल्या नटीने सोसणाऱ्या, थोडंच बोलणाऱ्या बाईची भूमिका करायची, हाही एक वेगळाच भार.

घरातही त्यांच्या भाषांची सरमिसळच होती. पती शफी इनामदार कोकणातले, हिंदी, गुजराती आणि मराठी रंगभूमीवर वावरलेले. 'ये जो है जिंदगी' या १९८४ च्या मालिकेमुळे ते देशभर घरोघरी पोचले. १३ मार्च १९९६ रोजी त्यांचं अकाली निधन झालं. भक्तीताईंनी काम थांबवलं नाही.

वाईहून परतताना

व्यावसायिक नाटकवाल्यांचं आयुष्य आपल्या रनिंग स्टाफसारखं असतं. आज एका गावी प्रयोग, रात्री प्रवास, उद्या दुसरीकडे पडदा. मानधनालाही शब्द 'नाईट'च. घरच्या जेवणाची वेळ नाही, झोपेचा नेम नाही, आणि तिसऱ्या घंटेला आवाज मात्र ताजा हवा.

१२ जून २००० रोजी पु. ल. गेले. भक्ती बर्वे त्या सुमारास 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वीची मंजुळा त्यात पुन्हा जिवंत व्हायची. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा प्रयोग आटोपून मुंबईकडे परत येताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय बावन्न. मी तेव्हा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो. बातमी वाचून आई दिवसभर गप्प होती. 'आपली बाई' गेली होती.

आपल्या मुलांची जीभ

आता सुरुवातीला म्हटलेला स्वार्थ. मराठीत 'च' एकच लिहितात पण उच्चार दोन. 'चंद्र'मधला वेगळा आणि 'चांदणं'मधला वेगळा. 'जीवन'मधला 'ज' वेगळा, 'जवळ'मधला वेगळा. देवनागरीत हा फरक दिसत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. हिंदीत दंततालव्य 'च' नाही, 'ळ' नाही. शाळेत हिंदी-इंग्रजी आणि रस्त्यावर छत्तीसगढी ऐकणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर हे उच्चार पडणार कुठून? आपण घरी बोलू तेवढेच. मग मंडळाच्या नाटकाच्या तालमीत एखादा मुलगा 'चांदणं' हिंदी 'च'ने म्हणतो, 'पाऊस आली' म्हणतो आणि पुढच्या रांगेतली मोठी मंडळी हसतात. हसण्यात दुष्टावा नसतो. पण तो मुलगा दुसऱ्या दिवशी नाटकातून नाव काढून समूहनृत्यात घालतो, कारण नृत्यात बोलावं लागत नाही. दरवर्षी आपल्या नाटकाला पात्रं कमी पडतात आणि नृत्याला जास्त होतात, यामागचं एक कारण हेही आहे.

हसणारेही एका मापाचे नाहीत. नागपूरकडचे पुणेरी मराठीला हसतात, पुण्याकडचे आमच्या 'केयी'ला हसतात, आणि सगळे मिळून इथे जन्मलेल्या मुलांना हसतात. प्रत्येकाला वाटतं की आपण प्राध्यापक आणि समोरची मंजुळा. भक्ती बर्वे यांच्या कारकिर्दीने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. बातम्या देताना प्रमाण मराठीला त्यांनी पूर्ण न्याय दिला, कारण चार कोटी माणसांना एकच बातमी पोचवायची तर सामाईक भाषा लागतेच. तसाच न्याय त्यांनी फुलवालीच्या बोलीला आणि बहिणाबाईंच्या बोलीलाही दिला. एकीचा मान राखायला दुसरीला हसावं लागलं नाही. उच्चार जन्माने मिळत नाही, सरावाने येतो. पण सरावाला तोंड उघडावं लागतं, आणि हसणाऱ्यांसमोर मूल तोंड उघडत नाही.

१० सप्टेंबर हा भक्ती बर्वे यांचा जन्मदिवस, बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागेच येतो. कार्यकारिणीपुढे माझी एक छोटी सूचना आहे. उत्सवातल्या एका संध्याकाळी मुलांसाठी एकपात्री प्रवेशांचा कार्यक्रम ठेवावा. अट एकच, ज्याच्या घरी जी मराठी बोलतात तीत त्याने बोलावं. वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी, कोल्हापुरी, आणि इथली हिंदी मिसळलेली बिलासपुरी मराठीसुद्धा. बक्षीस पाठांतराला नको, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्याला द्यावं. शेवटच्या रांगेत बसून ऐकायला मी आणि माझी आई येऊ. ती आता आमच्याकडेच असते, आणि कोण 'आपलं' आहे हे तिच्याइतकं अचूक कुणी ओळखत नाही.